दुसरा काटा

आम्ही इतिहासाचे शिक्षक. विज्ञानाचे गुरुजी रजेवर गेले, तेव्हा आठवीच्या वर्गात प्रवाळभित्ती शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. वर्गातील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आम्हीही तो प्रथम पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर.

त्या दिवशी आम्ही ट्रिगरफिश या माशाविषयी सांगितले. लाल समुद्रापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत, आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांतही, याची नारिंगी रेघांची एक जात आढळते. लांबी फार तर ३० सेंटिमीटर. संकटसमयी आणि रात्री तो खडकाच्या कपारीत शिरतो व पाठीवरचा जाड पहिला काटा उभारतो. त्यामागचा लहानसा दुसरा काटा खिळीसारखा अडकतो. मग पहिला काटा कितीही दाबला तरी वाकत नाही; दुसरा दाबला की अलगद मिटतो. बंदुकीच्या चापावरून या माशास हे नाव पडले.

केनियाच्या किनाऱ्यावर अभ्यासकांना दिसून आले, की मासेमारीमुळे हा मासा जेथे घटला तेथे काटेरी समुद्री अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी प्रवाळ पोखरून काढला. मासेमारीस बंदी असलेल्या भागांत हा मासा अर्चिन खाऊन त्यांना आवरीत होता. वीतभर जीव, पण भित्ती राखणारा.

फळ्यावर चित्र काढून आम्ही विचारले, "मासा कपारीत टिकतो कोणत्या काट्यामुळे?" सारे म्हणाले, "पहिल्या!" मागच्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, दुसऱ्या. माझी ताई तशीच आहे."

धाकटीचे शिक्षण थांबू नये म्हणून थोरलीने सहावीतच शाळा सोडली होती. ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीस जात असे.

आम्ही निरुत्तर झालो. १९२७ चा महाडचा सत्याग्रह शिकविताना आम्ही सन आणि नेत्यांची नावे पाठ करून घेतली होती. त्या दिवशी ओंजळभर पाणी प्यायलेल्या हजारोंना घरून कोणी भाकरी बांधून दिली असेल, हा प्रश्न एम. ए. होऊनही आम्हांस कधी पडला नव्हता.

ती मुलगी आज परिचारिका आहे. या स्मरणिकेतील यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नाव आहे. ताई अजून फडावर आहे. तिचे नाव कोठेही नाही.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. यादीत आपल्या नावापुढे थोडी जागा कोरी आहे. तेथे स्वहस्ते एक नाव लिहावे.