शूर नदीच्या काठी सहा आठवडे

वॉटरफोर्ड म्हटलं की आपल्या मंडळींना बहुधा दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे शोकेसमधला तो काचेचा बाऊल, जो कोणाच्या तरी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेला असतो आणि कधीच वापरला जात नाही. दुसरी म्हणजे "तिकडे पाऊस फार असेल, नाही का?" हा प्रश्न. आयर्लंडचे लोक आमच्या या आग्नेय कोपऱ्याला उन्हाचा प्रदेश म्हणतात. कोकणातल्या वाचकांनी कृपया हसू नये.

आम्ही इथे अकरा वर्षं राहतो. पण गाव नीट पाहिलं ते गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, कारण तेव्हा ते आजारातून उठणाऱ्या माणसाच्या चालीनं पाहावं लागलं.

हा माणूस म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ. लहानपणापासून घरात सगळे त्याला 'धाकटी' म्हणायचे. गेली पाच वर्षं तो 'धाकटा' आहे. वेलांटी गेली नि काना आला, एवढंच कागदावर दिसतं. ते तोंडात बसायला आम्हाला किती वेळ लागला हे आमचं आम्हाला ठाऊक. तो डब्लिनला नोकरी करतो. छातीवरची मोठी शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी लंडनला झाली. या वेळची त्यानंतरच्या दुरुस्तीची होती. एका बाजूचा व्रण ओढला गेला होता, काखेजवळ कातडीची घडी राहिली होती. व्रण पुरता निवेपर्यंत सर्जनांनी थांबायला सांगितलं होतं. आमच्यातल्या इंजिनिअरला हे पटकन समजलं. नवा प्लँट सुरू झाला तरी पंच लिस्ट उरतेच.

जे समजलं नव्हतं ते त्याआधीचं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही त्याच्याजवळ नव्हतो. "घाई करू नकोस" असं एकदा सांगितलं आणि मग गप्प राहिलो. ऑफिसात काम होतं, मुलांच्या परीक्षा होत्या, कारणं सगळी खरी होती. त्याला घरी आणलं, न्हाऊ घातलं, ते त्याच्या एका मित्रानं. म्हणून या वेळी त्याचा फोन आला, "वहिनी, सहा आठवडे तुमच्याकडे राहिलो तर चालेल?" तेव्हा आमच्या सौ.नी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

डब्लिन विमानतळापासून आमच्या घरापर्यंत मोटरनं दोन-सव्वादोन तास. छाती आणि सीटबेल्ट यांच्यामध्ये एक लहान उशी धरून तो बसला होता. सूचनांचा कागद मोठा होता: हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, घट्ट जाकीट दिवसरात्र अंगात, झोपायचं पाठीवर, रोज थोडं थोडं चालायचं. सौ.नी कागद वाचला आणि स्वयंपाकघरातले पोहे, रवा, चहा-साखरेचे डबे सगळे वरच्या फळीवरून खाली आणले. ते अजून खालीच आहेत.

आम्ही बॅलीब्रिकनला, म्हणजे टेकाडावर राहतो. पहिल्या आठवड्यात पॅट्रिक स्ट्रीटनं उतरून धक्क्यावरच्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जायचं, बाकावर टेकायचं, आणि चढ चढून परत. वाटेत ब्ला घ्यायचा. ब्ला म्हणजे इथला पाव. मऊ, चौकोनी, वरून मैदा भुरभुरलेला, सकाळीच संपणारा. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून आलेल्या ह्युगनॉट लोकांनी तो आणला असं सांगतात. २०१३ मध्ये युरोपियन युनियननं त्याला संरक्षित नाव दिलं, त्यामुळे वॉटरफोर्डबाहेरच्या पावाला ब्ला म्हणता येत नाही. स्थानिक लोक त्यात लोणी नाहीतर डुकराच्या मांसाचे काप घालतात. आमच्याकडे त्यात बटाटेवडा घालतात. युरोपियन युनियनला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात रेजिनल्ड्स टॉवरपर्यंत मजल गेली. हा धक्का मैलभर लांब, सपाट, आणि दर थोड्या अंतरावर बसायला जागा. दुखणाईतासाठी याहून चांगला रस्ता नाही. हे आयर्लंडमधलं सर्वांत जुनं शहर. ९१४ साली व्हायकिंग लोकांनी इथे तळ ठोकला, आणि वॉटरफोर्ड हे नावही त्यांच्याच भाषेतून आलं. समोरच्या नदीचं स्पेलिंग आम्ही आलो तेव्हा 'सुइर' असं वाचायचो. शेजारच्या आजोबांनी सुधारलं, "शूर." तेव्हापासून आमच्या घरात ती शूर नदीच आहे. शूर, नोर आणि बॅरो यांना इथे 'तीन बहिणी' म्हणतात. नोर वरच बॅरोला मिळते आणि दोघींचं पाणी शहराच्या खाली चीकपॉइंटजवळ शूरला भेटतं. हे ऐकून धाकटा म्हणाला, "त्यांच्यातला एखादा भाऊ असेल. विचारलंय कोणी?"

आमच्या भाषेत हा प्रश्न टाळताच येत नाही. इंग्रजीत माणूस 'आय केम' म्हणून मोकळा होतो. मराठीत दारातून आत येतानाच 'आले' की 'आलो' ते ठरवावं लागतं. दुखण्यातून उठणाऱ्याची चौकशी करायची, तरी 'बरी आहेस का' की 'बरा आहेस का' ते आधी पाहिजे. आमची आई साताऱ्याला असते, वय अठ्ठ्याहत्तर. तिनं पाच वर्षं यातून स्वतःपुरती वाट काढली होती. "बरं वाटतंय ना? जेवण झालं ना? थंडी आहे का तिकडे?" एकाही वाक्यात ना ती, ना तो. मराठी व्याकरणावर एवढी हुकमत आम्ही कुठल्या प्राध्यापकाकडेही पाहिली नाही.

चौथ्या आठवड्यात दोन गोष्टी बिनसल्या. एका रात्री टाक्याची एक कडा उकलली आणि जाकीट ओलं झालं. रात्री दीडला लंडनचा नंबर फिरवला, फोटो पाठवले. ड्रेसिंग बदला, ताप पाहा, सकाळी दाखवा असं उत्तर आलं. सकाळी एका दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी भरल्या खोलीत त्याचं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं. कुठल्या तरी जुन्या फायलीत राहिलं असावं. सगळ्यांनी माना वळवल्या. धाकटा शांतपणे उठला आणि आत गेला. जखम किरकोळ निघाली. परतताना आम्ही त्या बाईंवर बरंच तोंडसुख घेतलं. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "दादा, तुझ्या फोनमध्ये माझं नाव काय आहे?" गाडीत कोणी काही बोललं नाही. घरी पोचल्यावर आम्ही ते बदललं.

त्या आठवड्यात बाहेर जाणं बंद झालं, मग वाचन झालं. तो एक आत्मचरित्र घेऊन आला होता, मायकेल डिलन यांचं. जन्म १९१५, जन्मनोंद मुलगी म्हणून. घराणं मीथ परगण्यातलं, सरदारी किताबाचं. १९४५ ते १९५१ मध्ये हा माणूस डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकला, आणि त्याच काळात सुट्टी लागली की समुद्र ओलांडून इंग्लंडात जायचा. हॅरल्ड गिलीज या सर्जनांनी १९४६ ते १९४९ मध्ये त्याच्यावर निदान तेरा ऑपरेशनं केली. परत आल्यावर पाय लंगडला तर तो युद्धातली जखम असल्याचं सांगायचा. तेरा वेळा बरं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी खोटं कारण सांगून! १९५८ साली इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याचं गुपित फोडलं. तेव्हा तो बोटीवर डॉक्टर होता. तो निघाला तो थेट आपल्या देशात आला. बौद्ध झाला, लडाखच्या रिझाँग मठात राहिला, आणि १५ मे १९६२ रोजी डलहौसीला वारला. हस्तलिखित छापून यायला पन्नासाहून जास्त वर्षं गेली.

गिलीज यांनी पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांसाठी कातडीची नळी करून, तिचा रक्तपुरवठा न तोडता ती एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची पद्धत बसवली होती. या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याला जातो, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठ्याचं नाक आणि एक हात १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत कापले गेले. पुढे पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी देठासकट फिरवून नवं नाक बसवलं. ही हकिगत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ते ऑपरेशन लंडनला केलं. धाकटा म्हणाला, "म्हणजे मी लंडनला जाऊन पुण्याचंच काम करून आलो."

रविवारी आईचा फोन आला तेव्हा सौ. स्वयंपाकघरात होत्या आणि फोन स्पीकरवर होता. टाक्याचं तिला सांगितलं. थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ते बीडचे पोलीस, साळवे, त्यांचंही दोन-तीनदा झालं होतं ना?" ललित साळवे यांच्यावर २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, पुढचे टप्पे नंतर झाले. वैद्यकीयदृष्ट्या त्यांची गोष्ट निराळी. पण आई ती कात्रणं पाहत होती, इतकी वर्षं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सौ. म्हणाल्या, "आई, अळिवाचे लाडू करू का?" तिकडून ताबडतोब आवाज आला, "अळिवाचे नकोत गं, ते बाळंतिणीचे. त्याला डिंकाचे कर. खारीक जास्त घाल."

त्याला. धाकटा तेव्हा ओट्याशी कोथिंबीर निवडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. निवडलेली कोथिंबीर परत निवडत राहिला.

पाचव्या आठवड्यात मॉलवर गेलो. मॉल म्हणजे इथल्या एका रस्त्याचं नाव, खरेदीचा संबंध नाही. तिथल्या ३३ नंबरच्या घरावरून ७ मार्च १८४८ ला टॉमस फ्रान्सिस मार यांनी आयर्लंडचा तिरंगा पहिल्यांदा फडकवला. जवळच काचेचं प्रदर्शन आहे. पेनरोज बंधूंनी १७८३ मध्ये कारखाना काढला, १८५१ ला तो बंद पडला, १९४७ ला पुन्हा सुरू झाला. २००९ च्या जानेवारीत मोठा कारखाना बंद झाला तेव्हा शेकडो घरांची रोजी गेली. शहर त्याबद्दल अजून दुःखानं बोलतं. २०१० पासून मॉलवर लहान प्रमाणात काम चालतं. जरा दोष दिसला की भांडं फोडून पुन्हा भट्टीत घालतात, दुय्यम माल विकत नाहीत, असं तिथे सांगतात. धाकटा म्हणाला, "नशीब, डॉक्टर इथले नव्हते."

कायद्याचंही इथेच सांगतो. लिडिया फॉय या अथी गावच्या दंतवैद्य. जन्मदाखल्यावर स्वतःची खरी ओळख यावी म्हणून त्यांनी १९९७ मध्ये आयर्लंडच्या सरकारला कोर्टात खेचलं. २००२ ला हरल्या, २००७ ला जिंकल्या, आणि कायदा यायला २०१५ उजाडलं. धाकट्याचा दाखला त्याच कायद्यानं मिळालेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याआधीचा, १५ एप्रिल २०१४ चा. कागद तर दोन्ही देशांत हलले होते. हलायचे राहिलो होतो ते आम्ही.

सहाव्या आठवड्यात ग्रीनवेवर गेलो. जुन्या रेल्वेमार्गावर केलेला हा ४६ किलोमीटरचा रस्ता वॉटरफोर्डहून डंगार्व्हनला जातो, २०१७ मध्ये खुला झाला. आम्ही फक्त बॅलीव्हॉइलचा बोगदा चाललो, चारशे मीटर. आत गार, भिंतींवरून पाणी ठिबकत होतं. पलीकडे समुद्राचं ऊन. बाहेर आल्यावर त्यानं दोन्ही हात हळूहळू वर केले, खांद्याच्या वर, पार डोक्यापर्यंत. त्या दिवसापासून परवानगी होती. मग त्यानं वहिनींच्या हातातली डब्यांची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला.

वॉटरफोर्डला आलात तर सकाळी लवकर या, ब्ला अकरापर्यंत संपतात. सोबत चालता येत नसणारं कोणी असेल तरी आणा, धक्का सपाट आहे. आणि तुमच्या घरात असा कोणी धाकटा किंवा धाकटी असेल, आणि काय म्हणावं ते सुचत नसेल, तर आधी डबे खालच्या फळीवर आणून ठेवा. बाकीचं त्यानंतर सुचतं. आम्हाला दोन वर्षं उशिरा सुचलं.