चौथा महिना

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले, तरी रात्री ते अजून गावासारखेच निजते. दौंडच्या बाजूने येणाऱ्या मालगाडीची धडधड मग आमच्या खिडकीपर्यंत पोहोचते. आमची मुलगी त्या आवाजाने कधी जागी झाली नव्हती. तीन महिन्यांची असताना ती सलग पाच तास झोपायची. चौथा महिना लागला आणि एका आठवड्यात सारे पालटले. दर दीड-दोन तासांनी ती रडत उठू लागली. आम्ही प्रथम मालगाडीला दोष दिला.

मग बाळाला बघायला आलेल्या मावशींनी विचारले, "दूध पुरतंय ना गं तिला?" तिसऱ्या जागरणाच्या रात्री तेच वाक्य मी पत्नीला ऐकवले. ती काही बोलली नाही; बाळाला घेऊन पाठमोरी बसून राहिली. शब्दांच्या छटा वर्गात उलगडून सांगणाऱ्या मला त्या वाक्याचे वजन कळले नव्हते.

डॉक्टरांनी बाळाचे वजन पाहिले. ते नीट वाढत होते. दूध पुरत होते. बदलली होती ती झोप. नवजात बाळाची निम्मी झोप चंचल असते. पापण्यांआड डोळे हलत असतात. शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतल्या या नेत्रचलनावरचे संशोधन १९५३ साली प्रसिद्ध केले, त्याचीही सुरुवात तान्ह्या मुलांच्या डोळ्यांच्या निरीक्षणातून झाली होती. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेला मोठ्यांसारखे टप्पे पडू लागतात. बाळाचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचे असते. आवर्तन संपताना झोप पातळ होते. आपणही रात्रीतून अनेकदा असे जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी विसरतो. बाळाला पुन्हा एकट्याने झोपेत शिरणे अजून साधलेले नसते; म्हणून ते हाक मारते. म्हणजे आमच्या मुलीची झोप मोडत नव्हती, घडत होती.

गेली अनेक वर्षे मी जात्यावरच्या ओव्या शिकवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या ओव्यांचा उल्लेख त्या तासाला येतोच. तान्हुल्याचे कौतुक सांगणाऱ्या ओव्यांतले वात्सल्य, त्यातल्या प्रतिमा, सारे मी फळ्यावर मांडले आहे. पण पहाटे जात्याशी बसलेली ती बाई रात्री किती वेळा उठली असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही, आणि विद्यार्थ्यांपुढेही मी तो ठेवला नाही.

दवाखान्यातून परतल्यावर मी पत्नीला म्हणालो, "दूध पुरतंय. मी उगाच बोललो."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून?" तिने विचारले.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मालगाडी निघून गेली आणि बऱ्याच वेळाने मुलगी उठली. दूध पिऊन झाल्यावर मी तिला खांद्यावर घेतले आणि पत्नीला निजायला सांगितले. खिडकीपाशी फेऱ्या घालताना माझ्या लक्षात आले, की आपल्याला अंगाईचे सारे विशेष ठाऊक आहेत. पूर्ण अशी एकही म्हणता येत नाही.