दोन तारखांची वही

मुलीच्या गर्भाशयाची आणि योनिमार्गाची घडण ती आईच्या पोटात असतानाच होते. त्या घडणीत राहिलेली उणीव मात्र बहुधा पाळीच्या वयापर्यंत झाकलेलीच राहते, कारण तोवर या अवयवांना कामच नसते. भ्रूणात शेजारी-शेजारी असलेल्या दोन नलिका, ज्यांना जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे नाव दिले गेले आहे, खालच्या बाजूला एकमेकींना जुळतात, मधली भिंत विरून जाते आणि त्यांतून गर्भनलिका, गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. बीजांडकोश निराळ्या ऊतीपासून बनत असल्यामुळे गर्भाशय नसलेल्या मुलीचीही छाती वेळेवर भरते, आणि घरच्यांना बराच काळ शंका येत नाही. मूत्रपिंडाची घडण मात्र याच नलिकांच्या शेजारी होत असल्याने एकीकडची चूक अनेकदा दुसरीकडेही उमटते.

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना प्रस्तुत लेखिकेकडे अशा मुली बहुतेक वेळा पोटदुखीच्या वाटेने आल्या. योनिपटलाला जन्मतः छिद्र नसेल, तर पाळीचे रक्त आतच साठत जाते, दर महिन्याला पोट दुखते, आणि फुगलेल्या योनिमार्गाचा दाब पडून कधी लघवीही अडते. तेरा वर्षांची एक मुलगी लघवी तुंबल्यामुळे दुसऱ्यांदा नळी घालून आली होती. त्याआधी जंतांचे आणि मूत्रसंसर्गाचे औषध झाले होते, अपेंडिक्सचीही शंका घेतली गेली होती, परंतु ‘मुलीचं लग्न व्हायचंय’ या धास्तीने आईने खालची तपासणी नको म्हटले आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही, म्हणून तिच्याकडे नीट पाहिलेच गेले नव्हते. येथे बोट घालून तपासण्याची गरज नसते; मुलीची संमती घेऊन, आईला उशाशी बसवून, बाहेरूनच पाहिले की निळसर फुगलेला पडदा दिसतो. सुईने थोडे रक्त काढून पाहण्याचा मोह मात्र टाळावा लागतो, कारण त्या वाटेने आत जंतू शिरून पू होण्याचा धोका असतो.

याहून अवघड प्रकार लेखिकेच्या स्वतःच्या हातून निसटला. गर्भाशय दुहेरी, योनिमार्गाचा एक अर्धा भाग बंद आणि त्याच बाजूचे मूत्रपिंड गैरहजर, असा हा तिहेरी दोष आहे. त्यात उघड्या बाजूने पाळी नियमित येत राहते आणि नियमित पाळी हाच डॉक्टरला चकवा ठरतो. चौदा वर्षांच्या त्या मुलीला वेदनाशामके देऊन ‘पाळीत दुखतंच’ असे सांगितले गेले, वेदना मात्र दर महिन्याला वाढत गेली. सोनोग्राफीच्या जुन्या कागदावर ‘उजवे मूत्रपिंड दिसत नाही’ ही ओळ होती. ती वाचली गेली होती, पण पाळीशी जोडली गेली नव्हती. पाच महिन्यांनी एमआरआयमध्ये उजवीकडे साठलेले रक्त स्पष्ट दिसले. त्यानंतर दवाखान्यात प्रत्येक मुलीला एक छोटी वही देण्याची पद्धत पडली, ज्यात पाळीची तारीख एका बाजूला आणि दुखण्याची दुसऱ्या बाजूला लिहायची. यंत्रापेक्षा या दोन रकान्यांनी निदान अधिक वेळा सुचवले, असे लेखिकेचे मत आहे.

तरीही वहीवर सर्वस्वी विसंबता येत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीची मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी झाली, तेव्हा एकच मूत्रपिंड आढळले आणि गर्भाशय दिसले नाही. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर तपासणी करावी, असा साधारण दंडक आहे. येथे आई मात्र पाळी दर महिन्याला येते असे खात्रीने सांगत होती आणि मुलगी मान डोलावत होती. संप्रेरकांअभावी बालवयातल्याइतके लहान राहिलेले गर्भाशयही सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून एमआरआय करून घेतला गेला, गुणसूत्रे तपासली गेली. ती नेहमीच्या स्त्रीसारखी, एक्सएक्स, निघाली, बीजांडकोशही जागच्या जागी होते. मेयर, रोकिटान्स्की, कुस्टर आणि हाउझर या चौघांच्या नावाने ओळखला जाणारा, सुमारे 4,500 ते 5,000 मुलींमागे एकीत आढळणारा, जन्मतः गर्भाशय नसण्याचा हा दोष होता.

आईला थोडा वेळ बाहेर बसवल्यावर मुलीने पिशवीतून वही काढली. मैत्रिणींना वेगळेपण कळू नये म्हणून ती दोन वर्षे दर महिन्याला चार दिवस खोटेच देवघरापासून दूर राहत होती, सुट्टीत घरीही तसेच करत होती, आणि विसर पडू नये म्हणून पाळीच्या रकान्यात अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने तारखा आधीच लिहून ठेवत होती. दुखण्याचा रकाना तिने कोराच सोडला होता.