अधिक दोन हजार

विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याच्या बगझिला या ट्रॅकरमधल्या, म्हणजे बगच्या नोंदवहीतल्या, बग क्रमांक 1 ची तक्रार अशी होती: माहितीपुस्तिका जुनी आणि अपुरी आहे. (यावर हसू नये, सगळ्याच प्रकल्पांची ती पहिली तक्रार असायला हवी.) नोंद 2004 ची. आज ती टी2001 या क्रमांकावर सापडते. नोव्हेंबर 2014 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने सत्तर हजारांहून जास्त बग बगझिलातून फॅब्रिकेटर या नव्या ट्रॅकरमध्ये हलवले. तिथले सुरुवातीचे क्रमांक आधीच वापरात असल्याने 1 ला 1 ठेवता येईना. मग प्रत्येक जुन्या क्रमांकात 2000 मिळवले. मराठी विकिपीडियाच्या तांत्रिक तक्रारीही याच खात्यात जमा होतात, त्यामुळे जुन्या मंडळींना ही बेरीज तोंडपाठ आहे.

ट्रॅकर हलवून देणं हा माझा धंदा आहे, आणि या क्षेत्रात याहून देखणा निर्णय मी पाहिलेला नाही. मॅनेजर मंडळी पहिल्या मीटिंगला विचारतात ते फील्डांबद्दल: ‘सिव्हेरिटी’ कुठे जाणार, ‘कंपोनंट’चं काय होणार. विकिमीडियाकडे गंभीरता आणि प्राधान्य अशी दोन फील्डं होती. फॅब्रिकेटरमध्ये एकच उरलं, आणि त्यातली सर्वांत वरची पायरी ‘अनब्रेक नाऊ!’. कुणाचं काही अडलं नाही. क्रमांक हरवला तर मात्र अडतं, कारण तो ट्रॅकरच्या बाहेर पसरलेला असतो. कमिटच्या संदेशात, कोडमधल्या ‘ही ओळ काढू नका, बग अमुक पाहा’ अशा टिपेत, कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये. ते सगळं आपण बदलू शकत नाही. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तरी जुनी खरेदीखतं जुन्याच नंबराने बोलतात, तसंच हे. म्हणून जुन्यावरून नव्यावर नेणारा तक्ता आणि रीडायरेक्ट, हे दोन आधी.

लिब्रेऑफिसला हे सोपं गेलं. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी फ्रीडेस्कटॉपच्या बगझिलातून आपले बग स्वतःच्या बगझिलात आणले, आकडे तेच ठेवले, फक्त कमिटमधलं ‘एफडीओ’ जाऊन ‘टीडीएफ’ आलं. पायथनचं तसं नव्हतं. त्यांचा कोड 2017 मध्येच गिटहबवर गेला, बग मात्र राऊंडअप या ट्रॅकरवर राहिले ते एप्रिल 2022 पर्यंत. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमांकमालेतून आकडे घेतात. मधल्या पाच वर्षांत हजारो पुल रिक्वेस्टनी खालचे आकडे खाऊन टाकले होते, त्यामुळे वीस वर्षांच्या जुन्या बगलाही रांगेच्या शेवटी उभं राहून नवा आकडा घ्यावा लागला. म्हणून पायथनमध्ये नुसता आकडा कुणी लिहीत नाही. पुढे ‘बीपीओ’ असेल तर जुना, ‘जीएच’ असेल तर नवा.

क्रमांकानंतर माझी काळजी असते ती मजकुराची. जुन्या कॉमेंटमध्ये कुणी सहज ‘#12’ लिहिलेलं असतं, म्हणजे स्टॅक ट्रेसमधली 12 क्रमांकाची ओळ. नवा ट्रॅकर त्याची बारा नंबरच्या बगची लिंक करून टाकतो. पायथनच्या कोडमध्ये ‘@प्रॉपर्टी’ ही रोजची गोष्ट, आणि गिटहबवर ‘@’ म्हणजे त्या नावाच्या माणसाला हाक! असा कोड चौकटीत न घालता इम्पोर्ट केला, तर ज्याचा काही संबंध नाही त्याला नोटिफिकेशन जातं.

देवनागरीची तऱ्हा आणखी वेगळी. यूटीएफ-8 मध्ये आपल्या प्रत्येक सुट्या अक्षराला तीन बाइट लागतात. डेटाबेसच्या डंपने ते लॅटिन समजून वाचले, की एका ‘म’च्या जागी तीन चिन्हं उमटतात: डोक्यावर तिरपी रेघ असलेला ‘ए’, मग चलनाचं एक गोल चिन्ह, मग रजिस्टर्ड ट्रेडमार्कचा गोळा. इंग्रजी कॉमेंटमध्ये हा घोळ दिसतच नाही, म्हणून चाचणी ‘पास’ होते. मी ट्रायल इम्पोर्टसाठी निवडलेल्या बगांत एक तरी मराठी कॉमेंटवाला घालतेच, आणि तो स्क्रिप्टवर न सोडता डोळ्यांनी वाचते.

बोलणाऱ्याचं नावही जपायचं असतं. फॅब्रिकेटरमध्ये ज्यांनी खातं काढून जुना ईमेल जोडला, त्यांच्या कॉमेंट त्यांच्या नावावर परत आल्या. बाकीच्यांच्या ‘बीझेडइम्पोर्ट’ या बॉटच्या खात्यावर राहिल्या. मूळ लिहिणाऱ्याचं नाव मजकुरात कायम आहे, एवढं पुरतं. बगच्या चर्चेत कोण म्हणालं हे महत्त्वाचं असतं. एखाद्याने ‘हे असंच राहू द्या’ म्हटलं, तर तो त्या मॉड्यूलचा कर्ता होता की वाटसरू, यावर पुढचं सगळं ठरतं.

‘जुने बग सगळे बंद करून टाकू, पाटी कोरी करू’ असं सुचवणारा एक तरी प्रत्येक टीममध्ये भेटतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. खुशाल बंद करा, पण हलवून झाल्यावर. बंद बगमध्येच ‘हा उपाय करून पाहिला, चालला नाही’ हे लिहिलेलं असतं, आणि नवा माणूस नेमका तोच उपाय घेऊन येतो.

फॅब्रिकेटर बनवणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये काम थांबवलं, आणि समुदायाने ‘फोर्ज’ नावाची शाखा काढून ते पुढे चालवलं. विकिमीडियाला उद्या पुन्हा हलायची वेळ आलीच, तर माहितीपुस्तिकेच्या त्या तक्रारीला तिसरा क्रमांक मिळेल. तेव्हा तक्त्यात दोन रकाने आधीपासून भरलेले असतील.