उज्जयिनीच्या वाटा आणि पायी चालणारा माणूस

इंदूर सोडल्यावर सुमारे ५५ किलोमीटर अंतर कापून आपण क्षिप्रातीरावरील उज्जयिनी नगरीत प्रवेश करतो. मराठी प्रवाशाला हे शहर परके वाटत नाही. अठराव्या शतकात ते शिंदे घराण्याची राजधानी होते, आणि छत्री चौकाजवळचे भव्य गोपाळ मंदिर दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. या चौकाभोवतालच्या पेठांतील रस्ते मोटारीसाठी आखलेले नव्हेत. माणसाचे पाऊल आणि बैलगाडीचे चाक यांच्या मापानेच ते घडले. आज त्याच अरुंद वाटांतून ई-रिक्षा, मोटारसायकली, हातगाड्या, गाई आणि यात्रेकरू एकमेकांना खेटून चालतात.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ या विस्तीर्ण परिसराचे उद्घाटन झाले, तेव्हापासून येथील गर्दी फारच वाढली आहे. शिवाय वैशाखात पंचक्रोशी यात्रा निघते. भर उन्हात, डोक्यावर शिध्याचे गाठोडे घेऊन, खेड्यापाड्यांतील स्त्रीपुरुष सुमारे ११८ किलोमीटर पायी चालतात. हे पाहताना पंढरीचे वारकरी आठवतात, आणि वांद्र्याच्या मोत माउलीला अनवाणी जाणारे आपले भाविकही आठवतात. धर्म निराळे असले तरी पायांना येणारे फोड सारखेच असतात, आणि मागून भरधाव येणाऱ्या ट्रकचे भयही सारखेच असते.

२०२८ सालच्या सिंहस्थासाठी येथील रस्ते रुंद करण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. ती आवश्यकच आहेत. परंतु रस्ता रुंद झाला की वाहनाचा वेग वाढतो आणि म्हाताऱ्या माणसाला ओलांडावयाचे अंतरही वाढते, हे विसरता कामा नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील दर पाचांत जवळजवळ एक जण पायी चालणारा होता.

या नगरीचा गौरव करणाऱ्या कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाला एक मार्मिक विनंती केली आहे. उज्जयिनीत रात्रीच्या गडद काळोखात स्त्रिया पायी निघालेल्या असतील. त्यांना विजेच्या प्रकाशाने वाट दाखव, पण गर्जना करून आणि पाऊस पाडून त्यांना घाबरवू नकोस, असे यक्ष त्याला सांगतो. मोटार चालविणाऱ्यास याहून चांगला उपदेश कोणता करावा? आपला दिवा दुसऱ्याला वाट दिसावी म्हणून आहे, त्याचे डोळे दिपविण्यासाठी नाही. आपला भोंगा सावध करण्यासाठी आहे, दरडावण्यासाठी नाही. ज्याच्या हाती सामर्थ्य अधिक, त्यानेच अधिक जपून वागावे.

पवित्र ख्रिस्तसभाही हेच शिकविते. मद्याच्या धुंदीत किंवा वेगाच्या हव्यासापायी जो रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो, त्याच्या माथी गंभीर दोष येतो, असे आपला धर्मशिक्षण-ग्रंथ सांगतो. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली आज्ञा खून न करण्याचीच आहे. तेव्हा बेफाम वाहन हाकणे हा केवळ दंडाच्या पावतीचा विषय नसून तो विवेकबुद्धीचा आणि पापनिवेदनाचाही विषय आहे.

यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला टाळून दोघे निघून गेले. दयाळू शोमरोनी मात्र थांबला. आपल्याकडे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ जण थांबत नाहीत. परंतु २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. सद्भावनेने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. आता भीतीची सबब उरलेली नाही.

वाचकहो, हा प्रश्न उज्जयिनीपुरता नाही. आपल्या एकाच घरात मोटारसायकलवर बसणारा नातू असतो आणि पहाटेच्या मिस्साला पायी निघणारी आजीही असते. आईवडिलांनी अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये. त्याच्या हातून गुन्हा घडल्यास कायदा पालकांस दोषी धरतो, आणि तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. पायी चालणाऱ्यांनीही पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे आणि अंधारात अंगावर फिके कपडे व हाती विजेरी असू द्यावी.

प्रभू येशू गालीलच्या वाटा पायीच तुडवीत असे, आणि अम्माऊसच्या वाटेवर तो दोघा शिष्यांना भेटला तोही पायी चालतानाच. म्हणून रस्त्याच्या कडेने चालणारा अनोळखी माणूस दिसला की त्याच्यासाठी वेग कमी करावा. हीदेखील एक प्रार्थनाच आहे.