काळाकुंडापर्यंतच

गेल्या पावसाळ्यात नातवंडांसह आम्ही पाताळपाणीहून काळाकुंडला जाणाऱ्या वारसा गाडीत बसलो. २५ डिसेंबर २०१८ पासून सुरू झालेली ही सफर जेमतेम दहा किलोमीटरची. चार बोगदे, चोरल नदी आणि काचेच्या डब्यांतून दिसणारी हिरवी दरी.

आम्हां इंदूरकर मराठी घराण्यांना हा घाट नवा नव्हे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये या लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. पुढे लग्न, मुंज, आजारपण, सारे याच अरुंद रुळांवरून आले-गेले. खांडव्याला मोठ्या गाडीत बसायचे, मग भुसावळ. घाट उतरताना आमची आजी माहेरची असे. परतताना मागे जादा इंजिन लागले की ती सासरची होई, गप्प होई.

२०२३ च्या आरंभी महू ते ओंकारेश्वर रोड हा मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा आम्ही पुष्कळ हळहळलो. काळाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाताना धाकट्या नातीने विचारले, "गाडी पुढे कुठे जायची?"

"आपल्या माणसांकडे," आम्ही म्हणालो.

"ती कुठे राहतात?"

आम्हांला एकही पत्ता सांगता आला नाही. गाडी बंद झाली ती परवा; येणेजाणे तर आम्ही केव्हाच थांबवले होते. दोष मात्र रुळांना देत होतो.