हात न पोहोचणाऱ्या जागेची मजुरी

काही वर्षांपूर्वी साक्रीतल्या एका मिस्तरीला मी मनातल्या मनात लुटारू ठरवलं होतं. ते चूक होतं, आणि आज ते मला कबूल करायचं आहे.

माझ्या जुन्या डिझेल गाडीचं कूलंट कमी व्हायचं. आठवड्याला टाकीतली पातळी बोटभर खाली जायची. गाडीखाली मात्र एक थेंब दिसत नसे. मी बोअरचं पाणी भरायचो आणि निघायचो. उन्हाळा वाढला तसं भरावं लागणारं पाणीही वाढलं. शेवटी गाडी मिस्तरीकडे नेली. त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, काट्यावर दाब चढवला आणि बघत उभा राहिला. काटा हळूहळू उतरत होता. मग बॅटरी आणि लहान आरसा घेऊन तो अर्धा तास बॉनेटमध्ये वाकला होता. वर आला तेव्हा म्हणाला, “जठे हात जात नही, तठेच गळस, दादा.”

इंजिनाच्या पाठीमागे, ब्लॉक आणि केबिनची पत्र्याची भिंत यांच्या बेचक्यात एक लोखंडी पाइप जातो. तो ब्लॉकमध्ये जिथे बसतो तिथली रबरी रिंग गेली होती. इंजिन तापलं आणि दाब चढला की तिथून पाणी पाझरायचं आणि गरम लोखंडावरच आटायचं. म्हणून खाली थेंब नाही. मागे राहायचा तो पांढरट थर, आणि तोही फक्त आरशात दिसणारा. रिंगची किंमत सव्वाशेच्या आत. पण तिथे पोहोचायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवायचा, वायरिंग सोडवायचं, दोन दिवस जायचे. मजुरी साडेचार हजार.

सव्वाशेच्या रबराला साडेचार हजार? मी गाडी काढली आणि घरी आलो. एका ओळखीच्या ड्रायव्हरने हळदीचा उपाय सांगितला होता. रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाकली. पंधरा दिवस पातळी खरंच हलली नाही. आपण पैसे वाचवले याचं मला समाधान वाटलं.

मे महिन्यात सुरतेला लग्न होतं. आमच्या खानदेशातल्या अनेक घरांचं कोणी ना कोणी सुरतेच्या उधना-लिंबायतकडे आहे, तसं आमचंही. परतताना नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढायला लागलो. मागे बायको, दोन मुलं आणि माझी आई. चढावर तापमानाचा काटा वर सरकला. मी एसी बंद केला. थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. पाणी संपल्यावर तापमान मोजणारा सेन्सर नुसत्या वाफेत उघडा पडतो आणि काटा खोटं सांगू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. इंजिनाची ताकद गेली, गोडसर वास आला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. मी उतरून रेडिएटरचं झाकण फिरवायला हात घातला तेव्हा मागून आलेल्या ट्रकवाल्याने माझं मनगट धरलं आणि मला मागे ओढलं. त्या झाकणाखाली काय कोंडलेलं होतं हे नंतर समजलं. ते झाकण सुमारे एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपास उकळतं. गळतीमुळे तो दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. पण उरलेली वाफ हात भाजून काढायला पुरेशी असते.

गाडी ओढून साक्रीला आणली ती त्याच मिस्तरीकडे. तो रागावला नाही, जुन्या गोष्टीचा विषयही काढला नाही. त्याने हेड उतरवलं. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं, ते मशीनवर घासून सपाट करावं लागलं. गॅस्केट नवं. रेडिएटरच्या नळ्यांत हळद आणि गंज घट्ट बसले होते. आणि तो पाइप निघाला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. बोअरच्या जड पाण्याने तो आतून खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला होता. म्हणजे गळतीला मी नुसतं पाणी पुरवत नव्हतो, तिला वाढवत होतो. साडेचार हजारांचं काम कित्येक पटींनी महाग झालं. पण पैशांपेक्षा मला जास्त टोचलं ते हे, की मागच्या सीटवर माझी आई बसलेली होती.

त्या दिवसांत मी गॅरेजमध्ये बाकावर बसून त्याचं काम बघितलं. प्रत्येक बोल्ट काढला की तो पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच जागी खोचून ठेवायचा. गाडीखाली पडून, एका हाताने, न दिसणाऱ्या नटाला नुसत्या बोटांनी शोधायचा. नवी रिंग बसवण्याआधी तिची बैठक त्याने कितीतरी वेळ घासून साफ केली. रिंग बसवायला दोन मिनिटं लागली. मग पुन्हा दाब चढवला आणि काटा जागेवर राहतो का, हे बघत बसला.

तेव्हा मला आमचा पाटकरी आठवला. पांझरा नदीकाठी आमची जमीन फडात, म्हणजे एकाच बंधाऱ्यावर भिजणाऱ्या शेतांच्या गटात, आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात येतं, आणि पाट कुठे झिरपतो हे बघत पाटकरी चालतो. पाट फुटला तर बंधाऱ्यातून जास्त पाणी सोडून भागवा, असं आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. आधी फूट शोधतात, बुजवतात. फूट बुजवायला लागतो पाटीभर चिखल. त्या चिखलाचा भाव कोणी काढत नाही. पाटकऱ्याचा मेहनताना असतो त्याच्या चालण्याचा, त्याच्या नजरेचा. वडील हे न बोलता पाळत आले. मी ते शेतात पाळलं आणि गाडीच्या बाबतीत विसरलो. काटकसर म्हणून जे करत होतो, ते म्हणजे फुटक्या पाटात पाणी ओतणं होतं.

मी रबराची किंमत बघत होतो. मिस्तरी मागत होता ती त्या जागेपर्यंत पोहोचण्याची, पोहोचल्यावर ती नीट करण्याची आणि आजूबाजूचं काही न मोडता परत येण्याची किंमत. जी जागा मला दिसत नव्हती, तिथलं काम मला फुकटचं वाटत होतं.

आता महिन्यातून दोनदा, सकाळी इंजिन गार असताना, टाकीवरची रेघ बघतो. आत कूलंटच असतं, बोअरचं पाणी नाही. रेघ खाली गेलेली दिसली तर पाण्याचा डबा उचलत नाही. मिस्तरीला फोन करतो, आणि तो मजुरी सांगतो तेव्हा भाव करत नाही.